मोठं घर सोडून लहान घरात जाताय? या चुका टाळा

मुलं पुण्या-नागपूरला नोकरीला लागली, मुली सासरी गेल्या आणि दहा खणांच्या घरात दोघंच उरली. वऱ्हाडात आज गावोगाव हेच दिसतं. दर उन्हाळ्यात कवेलू (कौलं) फेरायला माणूस मिळत नाही, सारवण करायला हातात बळ नाही. मग दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधायचं ठरतं. निर्णय बरोबरच आहे, चुकतं ते मोजमाप.

माणसं मोजली, पीक मोजलं नाही

सगळ्यात मोठी चूक ही. ‘आपल्या दोघांना किती जागा लागते?’ असं म्हणून नकाशा काढला जातो. पण जुनं घर माणसांसाठी अर्धंच होतं. उरलेल्या अर्ध्यात सोयाबीनचे कट्टे (पोती), तूर, गहू, कापूस, डवरे, फवारणीचा पंप असं सगळं राहत होतं. माणसं कमी झाली, शेत तेवढंच आहे.

सरकारी योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यातल्या एका खोलीत भाव वाढायची वाट पाहत पंधरा क्विंटल कापूस ओतला, तर झोपायचं कुठं? कापूस जास्त दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शिवाय लहान घरात गॅसची शेगडी चार हातांवर येते. एक ठिणगी पुरे आहे.

म्हणून घराआधी मालाची जागा ठरवा. बैलांच्या कोठ्याला लागून उंच ओट्यावर टिनाचं शेड घाला, किंवा जुन्या घराचा धड असलेला भाग राखा. तूर, सोयाबीन, हरभरा असेल तर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना पाहा. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळतं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे पाया खणण्याआधीच विचारून घ्या. गोदामाची सोय झाली तर एक खोली वाचते.

आणि फवारणीचं औषध! मोठ्या घरात ते कोठ्यातल्या कोनाड्यात पडून असायचं. लहान घरात ते दिवाणाखाली येतं, पिठाच्या डब्याशेजारी येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते आपण पाहिलं आहे. औषधाला घराबाहेर कुलपाची पेटी हवीच. यात तडजोड करू नका.

लहान घर, म्हणून लहान पाया

असं सांगणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घर दोन खोल्यांचं असो की दहा, माती तीच आहे. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. जोत्यातही खणलेली काळी माती परत भरू नका, मुरूमच भरा. नाहीतर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते आणि कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी ती पुन्हा उघडते.

घर भट्टीसारखं तापतंय?

मातीच्या जाड भिंती आणि उंच कवेलू यांमुळे जुनं घर मे महिन्यातही सुसह्य होतं. पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर स्लॅबवर पांढरा चुना मारा. पश्चिमेच्या भिंतीला तुराट्यांचा मांडव घाला. अंगणातलं कडुनिंबाचं झाड बांधकामाच्या आड येतं म्हणून तोडू नका, नकाशा हलवा.

कूलर लावूनही अंग चिकचिक करत असेल, तर तो खोलीच्या आत ठेवलेला असतो किंवा समोरची खिडकी बंद असते. कूलर खिडकीबाहेर लावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ओली हवा बाहेर पडली तरच गारवा टिकतो.

सामान

‘राहू द्या न जी, कामी येईल,’ असं म्हणत सगळं नव्या घरात येतं आणि चालायला वाट उरत नाही. गुंड, घंगाळ, परात ही पितळेची भांडी मुली-सुनांना आताच, हयातीत वाटून द्या. पुढे मोडीत जातात, ते पाहवत नाही. दिवाण आणि धान्याची गोल कोठी उचलण्याआधी मोजा. कोठीभोवती दोरी गुंडाळा आणि दोरीची लांबी तीननं भागा, तेवढी तिची रुंदी धरा. दारातून जात नसेल तर धान्य भरण्याआधी कळलेलं बरं. हलायचं ते चैत्र-वैशाखात, घरात माल कमी असतो तेव्हा. मृग लागल्यावर नको.

जुनं घर कुलूप लावून ‘पाहू नंतर’ म्हणत सोडू नका. एक वर्ष कवेलू फेरले नाहीत की पाणी भिंतीत मुरतं आणि भर पावसात भिंत बसते, कधी शेजाऱ्याच्या अंगावर. पाडायचं असेल तर सागवानी दारं, चौकटी, फाटे आधी स्वतः उतरवून मोजा. सगळं घर उक्तं दिलं की सागवान मलब्याच्या भावात जातं. त्यातलीच एखादी चौकट नव्या घराला बसते. पाडल्यावर ग्रामपंचायतीत नमुना ८ वर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या वहीत, नोंद बदलून घ्या, नाहीतर नसलेल्या घराचा कर चालू राहतो. जुन्या मीटरचं बिल भरून ते बंद करा किंवा नव्या जागेवर हलवायचा अर्ज द्या.