ओपन सोर्स प्रकल्पाच्या आवृत्त्यांचे वेळापत्रक आखताना या चुका टाळा

स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो असा) प्रकल्प ठरावीक काळाने नवी आवृत्ती काढायचे ठरवतो, सुरुवातीच्या एक-दोन आवृत्त्या वेळेवर निघतात आणि मग तारखा घसरू लागतात. अशा वेळी दोष लोकांच्या दिरंगाईला दिला जातो. माझ्या मते तो बहुधा वेळापत्रकाच्या आखणीतच असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तारीखही जाहीर करणे आणि त्या आवृत्तीत अमुक सुविधा असेलच असा शब्दही देणे. स्वयंसेवक किती वेळ देऊ शकतील हे आधी सांगता येत नसल्यामुळे हे दोन्ही शब्द एकाच वेळी पाळणे जमत नाही. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला. मधल्या काळात तयार झालेले काम वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून लिनक्सची वितरणे (वापरायला तयार संच) बनवणाऱ्या कंपन्या विकासशाखेतील, म्हणजे नवे काम चालू असलेल्या कोडमधील, बदल आपापल्या जुन्या कर्नलमध्ये बसवू लागल्या आणि प्रत्येकीचा कर्नल मूळ कर्नलपासून दूर जाऊ लागला. आता तिथे नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर केवळ दुरुस्त्या घेतल्या जातात आणि साधारणपणे दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती निघते. सातव्या किंवा आठव्या चाचणी-आवृत्तीनंतर अंतिम आवृत्ती जाहीर होते. नऊ-दहा आठवड्यांचे हे चक्र टिकून आहे, कारण ज्याचे काम राहिले त्याला पुढची संधी जवळच आहे याची खात्री असते.

तेव्हा तारीख पक्की धरावी आणि सुविधा पुढे ढकलण्याची मोकळीक ठेवावी. मात्र त्यासाठी अर्धवट काम मुख्य शाखेत, म्हणजे ज्या कोडमधून आवृत्ती निघते त्यात, येऊ देता कामा नये, आणि आलेच तर ते एका सेटिंगने बंद करता आले पाहिजे. सुविधा बाहेर काढणेच जिथे तांत्रिकदृष्ट्या अवघड असते, तिथे तारीख पाळण्याचा निर्धार कागदावरच राहतो.

दुसरी चूक फ्रीझबाबत, म्हणजे आवृत्तीपूर्वी नवे बदल थांबवण्याबाबत, होते. अनेक लहान प्रकल्प शेवटचा आठवडा चाचणीसाठी राखतात आणि त्याच आठवड्यात ‘एवढा एकच बदल’ म्हणत नवा कोड घेतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मोठी आवृत्ती ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. पण पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, साधारण मे महिन्यात निघते आणि तिच्यानंतर नवी सुविधा घेतली जात नाही. लहान प्रकल्पाला इतके महिने लागणार नाहीत, परंतु एकूण चक्राचा चौथा हिस्सा तरी स्थिरीकरणाला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

याच टप्प्यावर मजकुराचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या संदेशांचा, फ्रीझ विसरला जातो आणि त्याची झळ मराठीसारख्या भाषांना थेट बसते. गेटटेक्स्ट हे भाषांतराचे साधन वापरणाऱ्या प्रकल्पात मूळ इंग्रजी संदेशात नुसता पूर्णविराम वाढला, तरी भाषांतराची फाइल अद्ययावत करताना त्या नोंदीवर ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवी) अशी खूण होते. फझी नोंदी अंतिम फाइलमध्ये सहसा घेतल्या जात नाहीत. परिणामी कालपर्यंत मराठीत दिसणारा संदेश वापरकर्त्याला अचानक इंग्रजीत दिसतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती काढणारा ग्नोम हा लिनक्सवरील डेस्कटॉपचा प्रकल्प म्हणूनच मजकूर गोठवण्याची तारीख वेळापत्रकात स्वतंत्रपणे नोंदवतो आणि त्यानंतरच्या बदलाला परवानगी मागावी लागते. निदान दोन-तीन आठवडे आधी मजकूर गोठवणे हा भाषांतरकारांच्या विनामोबदला कष्टांचा किमान मान आहे.

तारीख पुढे ढकलावीच लागली, तर ती थोडी-थोडी सरकवणे टाळावे. उबुंटू या लिनक्स वितरणाची ६.०६ ही आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. दीर्घकाळ पाठबळ मिळणाऱ्या या आवृत्तीवर अधिक काम हवे होते, म्हणून सहा आठवड्यांची मुदतवाढ आधीच जाहीर झाली आणि ती १ जून रोजी निघाली. तरीही पुढची ६.१० ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्येच आली. एका आवृत्तीचा उशीर पुढच्या आवृत्तीच्या माथी मारला नाही, हे त्यातले अनुकरणीय.

जुन्या आवृत्त्यांना पाठबळ किती काळ देणार, हे न ठरवताच चक्र वेगवान करणेही अंगाशी येते. पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरवते, पण मोठी आवृत्ती वर्षाला एकच काढते. अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीने २०२१ मध्ये वर्षाच्या चार आवृत्त्यांवरून तीनवर येणे पसंत केले. दोघा-तिघांच्या चमूने चालू आणि त्याच्या आधीची, एवढ्याच दोन शाखा सांभाळाव्यात.

शेवटची चूक माणसांची आहे. आवृत्तीवर स्वाक्षरी करण्याची किल्ली, सर्व्हरचे पासवर्ड आणि कामाचा क्रम एकाच व्यक्तीकडे असेल, तर तिची परीक्षा किंवा आजारपण हेच प्रकल्पाचे वेळापत्रक ठरवते. पायऱ्या रिपॉझिटरीतच (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातच) लिहून ठेवाव्यात, शक्य तितक्या स्क्रिप्टकडे, म्हणजे त्या आपोआप पार पाडणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवाव्यात आणि अधूनमधून एखादी आवृत्ती मुद्दाम दुसऱ्या सदस्याकडून काढून घ्यावी. लिहिलेल्या पायऱ्यांत काय राहून गेले आहे, ते तेव्हाच उघड होते.