सोलरच्या कामाला लागताय? आधी गच्ची वाचायला शिका

कराडला सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि पुण्यात सोलर बसवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मामा म्हणाले, "वायरमनच्या धंद्यात तू काय गवंडीकाम करणार?" पहिले काही महिने मलाही तेच वाटायचं. ऑफिसात सगळे इलेक्ट्रिकलचे. इन्व्हर्टर, स्ट्रिंग, अर्थिंग, नेट मीटर, महावितरणची फाईल यांवर तासन्‌तास चर्चा. गच्ची त्यांच्या लेखी फक्त पॅनल ठेवायची जागा. मग जुलै उजाडला आणि एका सोसायटीतून फोन आला.

सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत होतं. मार्चमध्ये त्या गच्चीवर आम्ही वीस किलोवॅटचं काम केलं होतं, तेही स्लॅबला एकही भोक न पाडता. स्लॅबमध्ये बोल्ट न ठोकता, काँक्रीटच्या ब्लॉकच्या नुसत्या वजनावर पॅनलचा लोखंडी सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, बसवायचं, याला आमच्यात बॅलास्ट म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "भोकच नाही तर गळती कुठून?" असं आम्ही छातीठोकपणे सांगून आलो होतो. आणि आता काकूंच्या सोफ्यावर बादली.

सोसायटीने वॉटरप्रूफिंगच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते ब्लॉकांच्या रांगेतून हळूहळू फिरले, एका ब्लॉकशेजारी उकिडवे बसले, कडेचा सिमेंटचा पापुद्रा नखाने उचकटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोक नाही पाडलंत, पण टाचे मारलेत की."

खरंच मारले होते. ब्लॉक आम्ही तयार आणले नव्हते, गच्चीवरच साचे ठेवून ओतले होते. ओतण्याआधी हेल्परने छन्नी-हातोडा घेऊन चायना मोझॅकवर, म्हणजे टाइलच्या तुकड्यांच्या थरावर, टाचे मारले, नव्या काँक्रीटला पकड यावी म्हणून. मी शेजारीच उभी होते आणि मला ते बरोबर वाटलं होतं. जुन्या काँक्रीटवर नवं ओतायचं तर पृष्ठभाग खडबडीत करा, हे कॉलेजात शिकवलंच होतं की! परीक्षेत त्याला मार्क मिळतात. गच्चीवर त्याच उत्तराने काकूंचं सीलिंग गेलं.

आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून उतार काढायचा, वर गुळगुळीत थर किंवा चायना मोझॅक, आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलाईचा वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर पट्टी. पाणी अडवायचं मुख्य काम वरच्या थराचं. त्याला तडा गेला की खालच्या विटा स्पंजासारखं पाणी पितात. ते पाणी आतल्या आत फिरतं आणि स्लॅबमध्ये जिथे बारीक फट सापडेल तिथून उतरतं. आमचा फुटलेला कोबा एका कोपऱ्यात होता आणि काकूंचा पंखा तिथून चांगला पंधरा फूट लांब. म्हणून गळती दिसते तिच्या बरोबर डोक्यावर कारण शोधणं बहुतेक वेळा फुकट जातं.

पुढे ब्लॉक हलवणं, जागा वाळेपर्यंत थांबणं, फायबरची जाळी घालून पॉलिमर कोटिंग, काकूंच्या हॉलचा रंग, हे सगळं झालं. सर्वांत महाग पडला तो कागद. वॉटरप्रूफिंगवाल्याने दहा वर्षांची गॅरंटी दिलेली होती. आमच्या कामाकडे बोट दाखवून त्याने ती झटकली. आता मी काम सुरू करण्याआधी त्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावते, ब्लॉकची जागा आणि ब्लॉकखाली घालायची रबराची गादी दाखवते आणि त्याच्या सहीचं पत्र घेते. तो कुरकुरतो, पण देतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती तीन किलोवॅटला ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामाइक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान. तेव्हापासून या कामात नवी मुलं भराभर येताहेत. कोणी आयटीआय करून, कोणी २०१५ पासून चालणारं सूर्यमित्र प्रशिक्षण घेऊन. त्यांना वायरिंग माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी त्यांना पहिल्या दिवशी फक्त एक बादली पाणी देते आणि गच्चीवर ओतायला सांगते. पाणी कुठून कुठे जातं, कुठे थबकतं, पाणी जायच्या कोणत्या जाळीत उतरतं, ते खडूने आखायचं. त्या रेघांवर ब्लॉक येता कामा नये. आमच्या त्या गच्चीवर ब्लॉकांची अख्खी रांग उताराला आडवी बसली होती. पावसात तिने बांधाचं काम केलं आणि टाचे मारलेल्या जागीच तळं साचलं.

बादलीनंतर हातोडीची दांडी. कोब्यावर हलकेच ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर थर सुटलेला आहे, तिथे दुरुस्तीआधी काहीही ठेवायचं नाही. आणि तिसरं काम, जे कोणाला सुचत नाही: वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन सीलिंगचे फोटो काढायचे, शक्यतो सेक्रेटरींना सोबत घेऊन. जुना ओलीचा डाग आधीच नोंदला गेला तर तो पुढे तुमच्या नावावर येत नाही. शंका असेल तर जाळ्या बंद करून दोन-तीन दिवस गच्चीवर पाणी भरून ठेवतात, तसं कामाआधीच करून घ्यावं.

सगळ्याच गच्च्या कोब्याच्या नसतात. आयटी पार्क आणि कारखान्यांच्या छतावर डांबरी मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी डांबराची चादर, भेटेल. ती मेमध्ये दुपारी इतकी मऊ पडते की बुटाची टाच उमटते, आणि जड ब्लॉक महिन्यागणिक तिच्यात रुतत जातो. तिथे ब्लॉकखाली रुंद गादी लागतेच आणि काम सकाळी अकराच्या आत आटपायचं. पीव्हीसीची शीट असेल तर तिचं आणि डांबराचं वाकडं आहे. दोन्ही एकमेकांना चिकटून राहिली की पीव्हीसी कडक होऊन तडकते, मधे वेगळा थर हवाच. कोणत्या शीटवर कोणतं रबर चालेल ते शीट बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आता वजन. नवीन माणूस हमखास विचारतो, पॅनल जेमतेम २८ किलोचं, त्याला एवढे ब्लॉक कशाला? पॅनल खाली पडण्याची भीती नसतेच, ते वर उडण्याची असते. वाऱ्याचं भारतीय मानक आहे आयएस ८७५, भाग ३. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. पुण्याला चौरस मीटरमागे जवळपास ९१३ न्यूटन येतात, मुंबईला जवळपास ११६२. वेग आठवा हिस्सा वाढला तर दाब सव्वापटीहून जास्त झाला. ५४० वॅटचं पॅनल अडीच चौरस मीटरच्या थोडं वर असतं, म्हणजे पुण्यात एका पॅनलवर साधारण २४० किलोचा जोर, मुंबईत तीनशेच्या पुढे. हे ढोबळ झालं. इमारतीची उंची, पॅनलचा कल, कठडा यांचे गुणक लावून खरा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअर काढतो, आणि तो त्यानेच काढावा. तुम्ही लक्षात ठेवायचं ते एवढंच की गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यात वारा सगळ्यात जास्त ओढतो. "एक रांग अजून बसेल की" म्हणत कठड्याला खेटून पॅनल लावणारा सेल्समन तुम्हाला भेटेल. त्याला नाही म्हणायला शिका.

वजन वाढवत नेणं हाही उपाय नाही, कारण खाली स्लॅब आहे. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरतात. त्यात जुन्या सोसायट्यांत कोब्यावर कोबा चढवलेला असतो, आणि दहा सेंटिमीटरचा कोबाच चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. तो भार डिझाइन करणाऱ्याच्या स्वप्नातही नसतो. म्हणून मी कल कमी ठेवायला सांगते. वीस अंशांऐवजी दहा अंशांवर पॅनल ठेवलं तर वीज थोडी कमी मिळते, पण वारा कमी धरला जातो आणि ब्लॉक वाचतात. सोसायटीला कोजागिरीचं दूध आटवायला पॅनलखाली जागा हवी असेल, म्हणजे आठ फुटी उंच स्ट्रक्चर हवं असेल, तर बॅलास्टचा विचार सोडा. तिथे खांब खालच्या आरसीसी कॉलमला धरूनच उभे करावे लागतात आणि प्रत्येक पायाचं वॉटरप्रूफिंग वेगळं.

आम्ही आता ब्लॉक खाली आवारात ओततो. तीस सेंटिमीटरचा घन ६५ किलोचा होतो, दोघांनी उचलायचा. साचा प्लायचा, म्हणजे तळ गुळगुळीत येतो आणि खडीचं टोक बाहेर राहत नाही. कडा मारून घ्यायच्या. बारदान टाकून निदान आठवडाभर पाणी मारायचं. वर चढवल्यावर तीस-चाळीस ब्लॉक एका जागी रचून ठेवायचा मोह होतो. चाळीस ब्लॉक म्हणजे २,६०० किलो, तेही स्लॅबच्या मधोमध! ते बीमच्या रेषेवर पसरून ठेवायचे आणि लगेच जागेवर न्यायचे, ओढत नाही, उचलून.

ब्लॉक ठेवण्याआधी ती जागा झाडायची, मग ओल्या फडक्याने पुसायची. वाळूचा एक कण ६५ किलोखाली सापडला की तो खिळ्याचं काम करतो. वर जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे जाड कृत्रिम कापडाचा तुकडा, त्यावर रबराच्या दोन पट्ट्या, उताराच्या दिशेने लांब ठेवलेल्या, म्हणजे ब्लॉकखालूनही पाणी वाहतं. पूर्ण तळाची सलग गादी दिसायला छान, पण कोब्यावर तिच्याखाली ओल धरते आणि शेवाळ साचतं. डांबरी मेंब्रेनवर मात्र रुंदच लागते, हे वर सांगितलंच.

रेल, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात ती लांब पट्टी, सलग लांब नेऊ नका. बारा मीटरचा लोखंडी रेल पहाट ते दुपार चाळीस अंशांच्या फरकात सहा मिलिमीटर वाढतो. रोज तेवढा जाणार, तेवढा येणार, आणि त्याला घट्ट बांधलेला ब्लॉक खालच्या थरावर कानस मारत राहणार. दोन रेलमध्ये फट ठेवली की हा त्रास मिटतो.

ग्राइंडर गच्चीवर चालवायचाच नाही. ठिणगी मेंब्रेनमध्ये शिरून मुंगीएवढं भोक पाडते, आणि लोखंडाचा चुरा पहिल्या पावसात गंजून पांढऱ्या कोटिंगवर तपकिरी ठिपके उठवतो. कापायचं ते खाली. पडलेले स्क्रू संध्याकाळी चुंबक फिरवून गोळा करायचे. वारा सुटला तर पॅनल हातात घ्यायचं नाही, मग साहेबांचा कितीही फोन येवो. हे मेंब्रेनसाठी नाही, तुमच्यासाठी सांगते.

आणि भोक न पाडता केलेल्या कामात शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन केबलच्या क्लिपांसाठी कोब्यात बारा भोकं पाडतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. केबलचा पाइपही छोट्या ब्लॉकवरच न्यायचा आणि डक्टमधून खाली सोडायचा. आभाळातल्या विजेपासून वाचवणारा वीज-संरक्षकाचा खांब कुठे उभा राहणार ते आधीच कागदावर काढायचं, नाहीतर तो कठड्याच्या वाट्यात घुसतो.

हस्तांतर झालं की बिल निघतं आणि कंपनीच्या लेखी काम संपतं. मी मात्र पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर जाते. ब्लॉकांच्या पायाशी गुलमोहराच्या पाकळ्या, पिशव्या, कबुतरांनी आणलेल्या काड्या अडकलेल्या असतात. त्या हाताने काढायच्या आणि साचलेलं पाणी जाळीतून गुडगुडत उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं.