मुंबई मॅरेथॉनला गोव्याहून जाताना

मिरामार ते दोनापावल पहाटे धावणाऱ्याला मोकळ्या रस्त्याची सवय असते. जानेवारीत मुंबईला गेलं की हीच सवय नडते. सुरुवातीला एवढी गर्दी असते की मनासारखं धावताच येत नाही आणि जीव कासावीस होतो. तिथे माणसांना चुकवत डावी-उजवीकडे घुसू नका. दम जातो आणि ४२.१९५ किलोमीटरचं अंतर आणखी वाढतं. चिपची, म्हणजे धावपटूसोबतच्या वेळ नोंदवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याची, वेळ तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यावरच मोजली जाते, त्यामुळे मागे उभं राहिल्याने काही बुडत नाही. गेलेला वेळ लगेच भरून काढायचा मोह तर अजिबात नको. पेडर रोडच्या चढावर, ऐन थकव्यात, तो व्याजासकट वसूल होतो.

त्या चढाच्या सरावाला आपली पणजीतली आल्तिनो टेकडी उत्तम. मात्र लांब पल्ला धावून झाल्यावर, पाय जड असतानाच दोन-तीनदा चढा. ताज्या पायांनी चढून मला काही उपयोग झाला नव्हता.

आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रविवारी शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, आधीच घ्यावा लागतो. कोकणकन्येचं तिकीट गुरुवार रात्रीचं काढा. गाडी रखडली तरी शनिवार हाताशी राहतो.