झाडावरचा प्राणी चढताना नाही, उतरताना बघा

बडोद्यात सकाळी कमाटीबागेत फिरायला जाणारे पुष्कळ आहेत, पण खार झाडावर चढली की आपण बघतो आणि पुढे चालायला लागतो. खरी मजा ती खाली येते तेव्हा असते, कारण चढायला नखं असली की जवळपास सगळ्यांनाच जमतं, पण कोणाचं नख कसं आहे, पाय किती वळतो हे उतरतानाच कळतं.

आधी झाड नीट निवडा. कडुनिंब, चिंच, जुना आंबा, अशी भेगाळलेली साल पाहिजे. खारीसारखा हलका प्राणी असेल तर नख सालीत खोल घुसायची पण गरज नसते, बारीक खाचेत नुसतं अडकलं तरी वजन पेलतं. पेरूचं किंवा नीलगिरीचं गुळगुळीत खोड असेल तर अडकायला जागाच कमी, म्हणून तिथे ताटकळत बसू नका. १८७९ ची बाग आहे, जुन्या झाडांना तोटा नाही.

दोघं जा. एकटे गेलात तर खार हमखास खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि तुम्ही झाडाभोवती प्रदक्षिणा घालत बसता. एकाने एका बाजूला शांत उभं राहायचं, दुसऱ्याने समोरून हळू चालत यायचं, म्हणजे खार आपोआप पहिल्याच्या समोर येते. मोबाईलवर स्लो मोशन लावून ठेवा कारण डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही इतकं ते फास्ट असतं.

आता व्हिडिओत तिचे मागचे पाय बघा. डोकं खाली करून उतरताना तिचा मागचा पंजा घोट्यातून पूर्ण उलटा फिरलेला दिसेल, बोटं शेपटीकडे, नखं वरच्या सालीत अडकवलेली, आणि सगळं अंग त्यावर लटकलेलं. म्हणजे पुढच्या पायांना वजन धरायची फारशी गरजच नाही, म्हणून तर ती मध्येच उलटी थांबून शेंगदाणा पण खाते!

मांजरीचं नेमकं इथेच अडतं. तिची नखं एरवी आत दडलेली असतात, एक लवचिक लिगामेंट त्यांना मागे ओढून ठेवतं आणि पंजाचा स्नायू आवळला की ती बाहेर येतात, म्हणून चालताना झिजत नाहीत आणि धार टिकते. पण वाक मागच्या बाजूला, आणि मागचा घोटा खारीसारखा फिरत नाही, मग डोकं खाली केलं की नखं काही धरतच नाहीत. हुशार मांजर शेपटी आधी करून उलटी उतरते, नवशिकी वर बसून ओरडते. मांजरकुळातच क्लाउडेड लेपर्ड मात्र आरामात डोकं खाली करून उतरतो, आपल्याकडे तो ईशान्येच्या जंगलात आहे. जिथे मांजर पंजे घासते त्या खोडाच्या सालीत कधीकधी नखाचं पोकळ टरफल सापडतं, ते नख तुटलेलं नसतं, वरचा जुना थर निघालेला असतो.

सरडा आणि पाल यात लोक गल्लत करतात. सरड्याचं सगळं काम नखांवर, म्हणून गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात म्हणून ती काचेवर पण चालते. आणि घोरपड, तिची नखं मजबूत आणि वाकडी असतात हे खरं, पण तानाजीच्या यशवंतीची गोष्ट मी दंतकथा म्हणूनच ऐकतो, काही किलोच्या जिवाने माणसाचं वजन कसं पेलायचं? वानराला नखं माणसासारखी चपटी, तो हातापायाच्या पकडीवर चढतो, त्याला या यादीत घेऊच नका.

अस्वल बघायचं तर गुजरातमधल्याच रतनमहाल अभयारण्याकडे जावं लागेल. त्याची लांब नखं आत जात नाहीत, मुळात वारुळं उकरायची हत्यारं ती, पण मधासाठी अस्वल त्यांच्यावरच झाडावर चढतं आणि उतरताना पार्श्वभाग आधी. जंगलात जाड खोडावर समांतर लांब ओरखडे दिसले तर फोटो काढा आणि गाईडबरोबर निमूट मागे फिरा, वर बघत बसू नका.

सोसायटीतली मांजर झाडावर अडकली असेल तर आधी खालची गर्दी आणि कुत्री हलवा, दगड किंवा पाणी मारू नका, ती आणखी वर जाते. तिरकी शिडी लावून शिडीला गोणपाट गुंडाळा म्हणजे मांजरीची नखं रुततात, खाली थोडं मासे किंवा दूध ठेवा आणि तिथून निघून जा. बहुतेक वेळा ती स्वतःच उतरते. दुसऱ्या दिवशीपर्यंत नाहीच उतरली तर फायर ब्रिगेडला फोन करा, स्वतः फांदीवर चढू नका, कारण घाबरलेल्या मांजरीची नखं मग तुमच्याच हातात रुततात.