रॅकवर राहिलेल्या छत्रीचं गाणं: दोन दिवसांत घरच्या घरी ॲनिमेटेड म्युझिकल शॉर्ट फिल्म कशी बनवायची

सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसातून घरी येतानाच करायची, कारण गाणं शुक्रवारी रात्रीच तयार व्हायला हवं. बरेच जण आधी चित्रं काढतात, ती हलवून फोटो घेतात आणि रविवारी त्यावर गाणं बसवायला जातात. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं, पात्र नाचतंय एकीकडे आणि ढोलकी वाजतेय दुसरीकडे, काही केल्या जुळेना, दोन दिवसांचं काम फुकट गेलं. म्युझिकल आहे ना, मग आधी गाणं. त्यानंतर स्टॉप मोशन, म्हणजे कागदाची कात्रणं थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो भराभर दाखवायचे.

गोष्ट आणि पात्र

एक पात्र, एक जागा, एक मिनिट, एवढंच ठरवा. मी इथे माझंच उदाहरण घेते, लोकलच्या रॅकवर विसरलेली काळी छत्री. रात्री गाडी कारशेडला लागते, लाइट जातात आणि छत्री गायला लागते, मागे कोरसला कोणाचा तरी जेवणाचा डबा, एक हेल्मेट आणि एक चष्मा.

छत्रीच का, तर तिला तोंड काढावं लागत नाही. माणसाचं तोंड गाताना दाखवायचं म्हणजे आ, ई, ओ, मिटलेले ओठ असे सात-आठ आकार आणि प्रत्येक अक्षराला बदलायचे, दोन दिवसांत ते होत नाही. छत्री उघडली की सूर, मिटली की श्वास. डब्याचं झाकण, कात्री, पुस्तक, चिमटा, असं जे काही उघडझाप करतं ते सगळं गाऊ शकतं. पात्र निवडताना एवढी एक गोष्ट बघितली तरी निम्मं काम हलकं होतं.

शुक्रवार रात्र: गाणं

केरवा ताल धरा, आठ मात्रांचा (ठोक्यांचा) आहे आणि तो हात आपोआप वाजवतो. मेट्रोनोमचं, म्हणजे ठराविक वेगाने टिकटिक करणारं कुठलंही फुकट ॲप घेऊन मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा, म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची, आवर्तन (आठ मात्रांची एक फेरी) ४ सेकंदांचं आणि १५ आवर्तनांत बरोबर एक मिनिट. आता गंमत बघा, आपण सेकंदाला १२ फोटो वापरणार आहोत, म्हणजे एका मात्रेला ६ फोटो, एका आवर्तनाला ४८. सगळे पूर्णांक. ११० चा वेग घेतलात तर मात्रेला साडेसहाच्या आसपास फोटो येतात आणि मग पुढे सगळं हळूहळू सरकत जातं.

शब्द स्वतःचे लिहा, सिनेमातलं गाणं घेऊ नका, हक्कांची भानगड नको. आमचं ध्रुवपद होतं,

पाऊस पडला तेव्हा छातीशी धरली,
उघडीप झाली आणि रॅकवर विसरली.

वाद्यं स्वयंपाकघरातली घ्या, स्टीलचा डबा उपडा ठेवला की डग्गा होतो, वाटीवर चमचा वाजवला की मंजिरी. येताना ट्रेनमध्ये वर लटकणाऱ्या हँडलांचा कडकड आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणा, तो ठेक्याखाली घातला की ऐकणारा लगेच लोकलच्या डब्यात उभा राहतो. आमच्या इथे रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावरच जमतं, पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडं आणि डोक्यावरून गोधडी. गोधडीच्या आत गायलेला आवाज एकदम जवळचा येतो, खोलीचा घुमारा जातो. गाताना मेट्रोनोम इअरफोनमध्ये ऐका. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळे ट्रॅक एकावर एक ठेवून एक फाईल काढा आणि आता तिला हात लावायचा नाही.

शनिवार सकाळ: वही आणि कात्री

वहीत १५ चौकोन आखा, एका आवर्तनाला एक. प्रत्येकात एका ओळीत लिहा काय दिसणार, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठल्या हालचालीवर येणार ते लाल पेनने. याला तासभर द्या, इथे घाई केलीत तर दुपारी फोटो काढताना विचार करत बसाल.

सामान थोडं लागतं. काळी आणि करडी कार्डशीट, ब्लू टॅक (कागद चिकटवायचा मऊ गोळा, पुन्हा काढता येतो), कात्री, टिचबटणं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाचं सगळं मिळतं, पण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडेही भागतं. छत्र्या तीन कापा, बंद, अर्धी आणि उघडी, तिघींची दांडी अगदी एकाच मापाची. डब्याचं झाकण टिचबटणाने जोडा म्हणजे ते फिरतं. मागे रॅकच्या जाळीचं एकच मोठं चित्र.

शनिवार दुपार ते रविवार दुपार: फोटो

दोन स्टुलांवर पाट आडवा ठेवा, कॅमेरा कडेबाहेर येऊन खाली बघेल असा फोन पाटावर, स्क्रीन वर, दुसऱ्या टोकाला तांदळाच्या पिशवीचं वजन. खाली जमिनीवर चित्र. खिडक्यांना जाड चादर लावाच, मुंबईत जुलैमध्ये दहा मिनिटांत ऊन, ढग, ऊन होतं आणि ते सगळं फिल्ममध्ये लुकलुकतं. दोन्ही बाजूंनी दोन टेबल लॅम्प. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की दिव्याचे पट्टे येत नाहीत. फोकस, एक्सपोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक, फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद (घाम येणार, इलाज नाही). फोनला बोट लावू नका, वायरवाल्या इअरफोनच्या व्हॉल्यूमच्या बटणाने बऱ्याच फोनवर फोटो निघतो. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यामुळे किती सरकवलं ते कळतं.

एका मात्रेचे ६ फोटो असे, अर्धी १, उघडी ३, बंद २. आणि छत्री उघडी झालेली मात्रेच्या एक फोटो आधी दिसली पाहिजे. बरोबर मात्रेवर उघडली तर मागे पडल्यासारखी वाटते, एक फोटो आधी उघडली की तीच आवाज काढतेय असं वाटतं. माझ्या भाचीने हे फरकासकट दोनदा लावून दाखवलं तेव्हा मला पटलं.

एकूण ७२० फोटो. ध्रुवपदाचे ४८ एकदाच काढून चार वेळा वापरा, १४४ वाचले. माझा वेग तासाला शंभराच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा तास, ते दोन दिवसांत वाटून घ्या आणि दर आवर्तनानंतर गाणं लावून बघा. हे काम शंभर वर्षांपूर्वीही असंच चालायचं, राजा हरिश्चंद्र १९१३ मध्ये आला त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती, आपण त्याच शहरात तेच करतोय, मला तर याचं फार अप्रूप आहे.

शेवटचं आवर्तन अगदी शेवटी काढा. त्यात बाहेर पाऊस सुरू होतो आणि एक खराखुरा हात कागदाच्या रॅकवरून छत्री उचलतो. हात आत आला की काहीतरी हलतंच, म्हणून त्यानंतर काही काढायचं बाकी नको.

रविवार संध्याकाळ

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, फोटोंची रांग १२ फ्रेमवर टाकायची, खाली गाणं. पहिली सम जुळवलीत की बाकीचं जुळलेलंच असतं. इफेक्ट, फिल्टर काही लावू नका, कागदाची कड आणि सावली दिसू दे. नावांना शेवटी ४ सेकंद जास्तीचे, गोधडी देणाऱ्या आजीचंही नाव त्यात. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो दाबला जातो आणि जाळीच्या रेषा पुसट होतात.