स्थलांतरावर पीएचडी करायचीय? मग आधी नागपूरच्या जरीपटक्यात जा

इतिहासात एमए झालं, नेट निघाली, आता स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख ह्यावर पीएचडी करायची म्हणून दरवर्षी दोन-चार पोरं माझ्याकडे येतात आणि हमखास अमेरिकेचा नाहीतर युरोपचा विषय घेऊन येतात. ते वाचाच, मीही शिकवतो. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून तिकडे गेलेल्या भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं, ती केस माझ्या वर्गात असतेच. पण तिच्या बाजूला मी आपल्या संविधानाचं नागरिकत्वाचं कलम ६ ठेवतो. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्याला एक नियम आणि नंतर आलेल्याला दुसरा, त्याने अर्ज करून नाव नोंदवायचं. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या रांगेत. इथे वर्ग एकदम शांत होतो.

मुलाखती घ्यायला लागलो तेव्हा माझी मोठी चूक झाली होती. जरीपटका म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची वस्ती, तिथल्या एका सिंधी आजींना मी पहिलाच प्रश्न विचारला, "आप शरणार्थी बनके आये तब..." त्यांनी तिथेच थांबवलं. "शरणार्थी तुम लोग बोलते थे बेटा, हम तो अपने ही देश में आये थे." मग पेटीतून एक कागद काढला, घड्यांवर फाटलेला, मागून टेप लावलेली, आणि उलगडताना दोन्ही हातांनी धरला. माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण त्या एका वाक्यातून निघालं. तेव्हापासून मी आधी विचारतो, आल्यावर पहिल्यांदा चूल कुठे मांडली? त्यावर लोक तासभर बोलतात.

भाषा शिका, ह्यात शॉर्टकट नाही. जुन्या सिंधी कागदांसाठी अरबी वळणाची लिपी लागते, नागपूरकर भोसल्यांच्या काळातल्या कागदांसाठी मोडी, आणि कामठी-मोमिनपुऱ्यातल्या विणकरांवर काम करायचं तर उर्दू. रेकॉर्डिंग आधी परवानगी घेऊनच करा आणि त्याच रात्री लिहून काढा, आठवडा गेला की आवाजातला चढउतार डोक्यातून जातो.

मागच्या वर्षी मी वर्गात सगळ्यांना आपापल्या घरी विचारून यायला सांगितलं, आपण मूळचे कुठले. एक पोरगी म्हणाली, सर आम्ही तर इथलेच. दुसऱ्या दिवशी आली ती सांगत, पणजोबा छत्तीसगडातून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले होते, घरात कोणी कधी बोललंच नव्हतं. आता ती त्यावरच डिझर्टेशन करून राहिली, आणि पणजोबांचा मिलचा बिल्ला कुठल्या काकाकडे आहे ते शोधत फिरते.