धारणीच्या पोस्टिंगआधी चॅटबॉटला आजी करा

बाळाचं पोट फुगलं की विळा तापवून पोटावर चटके द्यायचे, याला मेळघाटात डंबा म्हणतात. जीएनएमची (नर्सिंग पदविकेची) मुलगी वॉर्डात असं बाळ पहिल्यांदा बघते आणि तिच्या तोंडून निघतं, "अहो, असं कुणी करतं का?" बाळाची आजी गप्प. पुढची सगळी हिस्टरी तिथेच अडकते. हे वाक्य वर्गातच जिरावं म्हणून पोस्टिंगच्या आठवडाभर आधी मी एआयला आजी करते.

सूचना अशी द्या: 'तू धारणी तालुक्यातली कोरकू आजी आहेस. १८ दिवसांच्या नातवाला भूमकाने (गावच्या वैदूने) डंबा दिलाय. समोर शिकाऊ नर्स आहे. साधं बोल, एका वेळी दोनच वाक्यं. ती रागावली तर गप्प बस. तुला धास्ती आहे की इथून अमरावतीला पाठवतील, मग घरची लेकरं आणि शेळ्या कोण बघणार? पण तिने विचारल्याशिवाय हे सांगू नकोस आणि दवाखान्यात थांबायलाही तयार होऊ नकोस.'

शेवटची अट गाळू नका. मी पहिल्यांदा गाळली, तर आजी दुसऱ्याच उत्तराला म्हणाली, "धन्यवाद सिस्टर, माझे डोळे उघडले." इतक्या वर्षांत अशी आजी मला भेटलेली नाही.

धास्तीचं कारणही यंत्रावर सोडू नका. शेळ्यांचं मला गावातल्या आशा कार्यकर्ती ताईने सांगितलं. यंत्राने आधी कसलीशी पूजा रचली होती, ताईने वाचली आणि विचारलं, "ही कुठून आणली?" कोरकू तर बोलायला लावूच नका. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातं नाही; चूक झाली तर आपल्याला पत्ता लागणार नाही. आणि वॉर्डातल्या खऱ्या बाळाचं नाव, केसपेपर, फोटो काहीही त्यात टाकायचं नाही.

मुलींच्या हाती मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांचे १९७८ सालचे प्रश्न द्या, पण आपल्या बोलीत: हे कशामुळे झालं असं वाटतं? कसले उपचार व्हावेत असं वाटतं? भीती कशाची वाटते? ऐकून घेतलं म्हणजे डंब्याला होकार दिला असं नाही. भाजलेल्या बाळाला डॉक्टरांकडे लगेच न्यायचंच, पुन्हा चटके नकोत हेही सांगायचंच. फक्त आधी विचारायचं.

एका मोबाइलवर दोघी बसवा. एक टाइप करेल, दुसरी वहीत दोन रकाने आखेल: 'विचारलं' आणि 'सांगितलं'. पहिल्या दिवशी 'सांगितलं'ला पान पुरत नाही.